न्यू हॅम्पशरचा निकाल, आमचे साडू आणि मी

धाकट्या मेहुणीला स्थळ सांगून आलं तेव्हा सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मनोहरराव, तुम्ही संख्याशास्त्राचे प्राध्यापक. या मुलाचं पुढे काय होईल, सांगा बघू." मी मुलाचे मार्क बघितले, दोन-चार प्रश्न विचारले आणि निकाल दिला, "मुलगा सज्जन आहे, पण फार पुढे जाणार नाही." तो मुलगा म्हणजे आमचे साडू, अविनाश देवस्थळी. ते इतके पुढे गेले, की त्यांच्या घरी पोचायला मला दोन विमानं बदलावी लागली. माझं आयुष्यातलं ते पहिलं चुकलेलं भाकीत.

पुढे मी भाकितं करण्याचाच धंदा केला. म्हणजे पोटाला कॉलेजची नोकरी होती, पण सांगलीच्या एका दैनिकात मी पंधरा वर्षं निवडणुकांचे अंदाज लिहिले. माझी पद्धत साधी होती. आमच्याकडे कुणाला "मत कुणाला देणार?" असं विचारलं, की तो आधी तुमचं तोंड बघतो आणि तुम्हाला बरं वाटेल ते सांगतो. कार्यकर्ता दारात आला तर "तुमच्यालाच की!" म्हणून वर त्याच्याच पैशाचा चहा पितो. म्हणून मी कुणाला त्याचं स्वतःचं मत कधी विचारलंच नाही. मी विचारायचो, "शेजारच्या घरात काय वारं आहे?" शेजाऱ्याबद्दल माणूस खरं बोलतो, आणि भरभरून बोलतो. या एका प्रश्नावर मी भल्याभल्यांना पाडलं आणि निवडून आणलं. मग एका पोटनिवडणुकीत सगळ्यांचं बरोबर आलं आणि माझं एकट्याचं चुकलं. संपादक म्हणाले, "सर, जरा थांबू या." ते थांबणं तीन वर्षं चाललं. बाजारात लोक "सर, यंदा काय होणार?" असं विचारायचे बंद झाले. हळदीचा भाव विचारायला लागले.

२००८ च्या जानेवारीत आम्ही उभयता अमेरिकेला निघालो, तेव्हा मी संपादकांना जाऊन भेटलो. आमचे साडू राहतात ते न्यू हॅम्पशर राज्यात, नॅशुआ नावाच्या गावी. राज्य केवढं, तर आपले तीन सांगली जिल्हे होतील एवढं. पण अध्यक्षपदासाठी पक्षाने कुणाला उभं करायचं, हे ठरवायला अमेरिकेत जे राज्याराज्यांतून आधी मतदान होतं, त्यात या चिमुकल्या राज्याचा नंबर अगदी सुरुवातीला. संपादकांचे डोळे चमकले. "सर, तिथं बसून भाकीत पाठवा. बुधवारच्या अंकात पहिल्या पानावर घेतो. लोक सकाळच्या चहाबरोबर तुमचं भाकीत वाचतील आणि दुसऱ्या चहाला निकाल येईल. बरोबर आलं, तर सदर पुन्हा सुरू. माझा शब्द!"

म्हणजे मी नायगारा वगैरे बघायला गेलो नव्हतो. मी माझं सदर परत आणायला गेलो होतो.

शुक्रवार

गुरुवारी आयोवा नावाच्या राज्यात पहिली फेरी झाली होती आणि तिथे तरुण सिनेटरने बाजी मारली होती. त्याच्यासमोर मुख्य उमेदवार एक बाई होत्या. बाकीचेही होते, पण खरी झुंज एकाच पक्षातल्या या दोघांची. नावं मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी तेव्हाचे पेपर वाचलेत त्यांना ती ठाऊक आहेत आणि माझ्या हकिगतीला त्यांची गरज नाही. न्यू हॅम्पशरचं मतदान पुढच्या मंगळवारी होतं, आणि सगळे चॅनेलवाले एकमुखाने सांगत होते, की तरुणाची लाट आहे.

साडू त्या तरुणासाठी कामाला लागले होते. पंचवीस वर्षं अमेरिकेत राहूनही त्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं नव्हतं. "आई होती तोवर पासपोर्ट बदलायला मन होईना," ते म्हणाले. आई गेली, मग नागरिक झाले, आणि हे त्यांचं पहिलंच अध्यक्षपदाचं मत. ऑफिसातून रजा काढून रोज दारोदार हिंडत होते. दिवाणखान्यात अंगणात रोवायच्या प्रचाराच्या पाट्यांचा ढीग, गाडीत पाट्यांचा ढीग. नीता, म्हणजे माझी मेहुणी, वैतागून म्हणायची, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा याला. व्हॅक्यूम करायला जागा नाही घरात!"

मी काय सांगणार? माझ्या पोटात दुखत होतं. का, ते सांगतो. सकाळपासून त्या घरात फोन खणखणत होता. एका उमेदवाराचा माणूस, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. "मिस्टर देवस्थळी, तुम्हाला कोणता प्रश्न सर्वात महत्त्वाचा वाटतो?" असं विचारत होते हो! मी सदतीस वर्षं इमानाने मतदान करतोय, मला या जन्मात कुणी असं विचारलेलं नाही. आमच्याकडे जीप येते, कर्णा वाजतो आणि धूळ उडवून जीप जाते. आणि हा माणूस, ज्याला पुण्यात इंजिनिअरिंगला असताना वर्गप्रतिनिधी कोण हे ठाऊक नसायचं, तो फोनवर आरोग्य विम्यावर मत देत उभा!

त्यात सौभाग्यवतींचं चालूच. "अविनाशराव भांडी स्वतः लावतात मशीनमध्ये. अविनाशराव सकाळी उठून सगळ्यांचा चहा करतात." मी म्हटलं, "शैला, मशीन घेऊन दे, मीही लावतो." ती हसली नाही.

दुपारी मी वही घेऊन बाहेर पडलो. डिसेंबरात तिकडे म्हणे विक्रमी बर्फ पडलेलं, रस्त्याकडेला कमरेएवढे ढीग. एक गृहस्थ फावड्याने वाट मोकळी करत होते. मी नम्रपणे माझा हुकमी प्रश्न टाकला, "तुमचे शेजारी कुणाला मत देतील, काही अंदाज?"

त्यांनी फावडं टेकवलं. "ते घरातच आहेत. बेल वाजवा, विचारा."

पुढच्या दारी तेच. तिसऱ्या दारी एका आजीबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी दिवसाढवळ्या शेजारच्या घराची रेकी करायला आलोय. शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय हे ज्या देशात कुणाला ठाऊक नाही, तिथं माणसं दिवस कसा काढतात कोण जाणे! निराश होऊन वळलो, तर रस्ता समजून बर्फात पाय दिला आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. खाली पाणी. माझा सांगलीहून आणलेला बूट तिथेच राहिला. संध्याकाळी साडूंनी आपले जुने बूट काढून दिले. ते मला एक नंबर मोठे झाले. बुटाच्या बाबतीतही या माणसाने माघार घेऊ नये, याला काय म्हणावं!

शनिवार, चर्चमधल्या पंगतीला

नीता म्हणाली, "चला, चर्चमध्ये जेवण आहे, सगळं गाव येतं." मला वाटलं, काही उत्सव असेल. तसं काही नव्हतं. तळघरात लांबलचक टेबलं, कागदी ताटं, आणि भल्या मोठ्या मातीच्या भांड्यांतून घेवड्याच्या बिया, काकवीसारख्या कशात तरी रात्रभर शिजवलेल्या. आपल्या उसळीत चुकून गुळाची ढेप पडली तर जी चव येईल ती. बहुतेक भांड्यांत डुकराच्या मांसाचा तुकडा असतो, आमच्यासाठी बिनमांसाचं एक भांडं कोपऱ्यात होतं. सोबत भाकरीसारखा, पण डब्यात वाफवलेला काळपट पाव. मी दोनदा वाढून घेतलं. आमची भडंगची पिशवी शैलाने टेबलावर ठेवली, ती पाच मिनिटांत संपली, आणि एका गोऱ्या बाईने लसणीचे तुकडे बोटाने वेचून खाल्ले, हे नमूद करतो. तेवढंच बरं वाटलं.

माझ्या शेजारी डॉरथी नावाच्या बाई बसल्या होत्या. साठीच्या, निवृत्त शाळामास्तरीण. बोलता बोलता मी म्हटलं, "तुमच्या घरासमोर तरुण उमेदवाराची पाटी पाहिली काल."

त्यांनी काट्याने बिया चाळवल्या, पलीकडच्या टेबलावर गप्पा मारणाऱ्या नवऱ्याकडे नजर टाकली, आणि हळूच म्हणाल्या, "पाटी त्याने लावली. मत माझं आहे."

माझ्या हातातला चमचा थांबला. पंधरा वर्षं जो प्रश्न शोधत होतो तो या बाईंनी माझ्या ताटात वाढला होता. कुणाला मत देणार हे विचारायचं नाही, शेजाऱ्याचंही विचारायचं नाही. विचारायचं एवढंच, घरापुढची पाटी कुणी लावली?

शैलाला मी तिथेच कामाला लावलं. ती स्वयंपाकघरात बायकांबरोबर ताटं पुसायला गेली आणि तासाभराने परतली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता. "अहो, तिथल्या चौघींपैकी तिघींच्या दारात त्या मुलाची पाटी आहे. तिन्ही नवऱ्यांनी लावलेल्या. आणि तिघी बाईंना देणार आहेत. एक म्हणाली, घरी सांगत नाही, उगाच जेवणाच्या टेबलावर वाद."

"त्या तुला बोलल्या कशा?"

"मी आधी माझ्या घरातलं सांगितलं," ती म्हणाली. काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

सोमवार

रविवार आणि सोमवार आम्ही दोघं पिसाटासारखे हिंडलो. वाचनालय, किराणा दुकानाची रांग, कपडे धुण्याचं दुकान. मी पुरुषांना विचारत होतो, शैला बायकांना. रविवारी एका शाळेच्या व्यायामशाळेत तरुण सिनेटरचं भाषण होतं, तिथेही गेलो. भाषण संपल्यावर तो गर्दीत शिरला, हात मिळवत मिळवत आमच्यापर्यंत आला. आधी साडूंचा हात धरला, त्यांच्या कोटावरचा बिल्ला बघून म्हणाला, "थँक यू फॉर द वर्क." मग माझाही हात हलवला, पण डोळे साडूंकडेच होते. साडूंचा चेहरा असा झाला होता, की बघवत नव्हतं. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर टक्कल, आणि डोळ्यांत पाणी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आमच्या आमदाराला तीनदा निवडून आणलं, कागदावर का होईना, पण त्याने मला कधी ओळख दिली नाही.

सोमवारी टीव्हीवर दिवसभर एकच चित्र. त्या बाई एका कॉफीच्या दुकानात बायकांशी बोलत होत्या, कुणीतरी विचारलं, हे सगळं रोज कसं जमवता? आणि त्यांचा आवाज भरून आला. टीव्हीवरचे पुरुष चेहरे लांब करून म्हणत होते, झालं, संपलं. शैला सोफ्यावर बसून बघत होती. "यांना काही कळत नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी मी वही मांडली. रेघा मारल्या, बेरजा केल्या, पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, वय वेगळं. पुन्हा केल्या. अगदी थोड्या फरकाने, पण बाई. अख्खी अमेरिका तरुण म्हणत होती आणि सांगलीचा निवृत्त मास्तर म्हणत होता, बाई! सांगलीत बुधवारी दुसऱ्या चहाला काय होईल ते डोळ्यांसमोर दिसत होतं. विश्रामबागच्या चौकात लोक मला थांबवून म्हणतील, "सर, तुम्ही एकटेच बरोबर!" जेवताना सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं. शैलालाही बेरीज सांगितली नव्हती. साडू येऊ देत, मग सांगू. त्यांचं तोंड बघायचं होतं मला, खोटं कशाला बोलू?

साडू सातला आले. दारात बसून बूट काढले, मोजे काढले, पाय चोळत बसले. नीताने पिठलं-भाकरी केली होती. ताटावर बसले आणि घास न घेताच म्हणाले, "बाई जिंकणार उद्या."

"काय म्हणतोस!" नीता म्हणाली. "सगळे तर..."

"सगळ्यांना दार पुरुष उघडतात गं. येस येस म्हणतात, पाटी घेतात. मागे बायको उभी असते, ती काहीच बोलत नाही. आज पूर्ण दिवस मी त्या मागच्या बायकांकडे बघत होतो. हरतोय आम्ही."

शैला चटकन माझ्याकडे वळली. "अहो, म्हणजे तुमच्याही वहीत..."

"छे!" मी म्हटलं.

कसं म्हटलं, देव जाणे. शब्द तोंडातून गेला आणि मग त्याच्या मागे मी धावत सुटलो. "अविनाशराव, दमलाय तुम्ही. दमलेल्या माणसाला सगळीकडे पराभव दिसतो. संख्याशास्त्र असं चालत नाही. मी नीट मोजलंय. तुमचा उमेदवार आरामात येतोय."

साडूंच्या चेहऱ्यावर क्षणभर आशा दिसली. "खरंच मनोहरराव?"

"अगदी खरं," मी म्हटलं आणि पिठलं कालवायला लागलो. वर्षभर घासून-पुसून ठेवलेलं भांडं आपण माळ्यावरून काढावं, आणि दुसऱ्याने त्याआधीच तसलंच पुढ्यात ठेवावं, तसं झालं होतं. मी बाई लिहिलं असतं, तर घरात कायम म्हटलं गेलं असतं, अविनाशरावांनी सांगितलं आणि यांनी लिहिलं. शैला म्हणाली नसती तरी तिला वाटलं असतं. पंचवीस वर्षं मी या माणसाच्या मागे आहे, पगारात मागे, घरात मागे, चहा करण्यात मागे. एक हीच गोष्ट माझी होती, त्यातही हा पुढे! नाही. नाही म्हणजे नाही.

मंगळवार

लेख मी पहाटे उठून हाताने लिहिला, "तरुण नेतृत्वाची लाट आणि न्यू हॅम्पशर". चॅनेलवरचेच आकडे घातले. संगणकावर मराठी टाइप करणं मला येत नाही, त्यामुळे पानं स्कॅनरच्या यंत्रात घालून ईमेलने पाठवायचं काम साडूंचं. ते एकेक पान यंत्राच्या काचेवर सरळ करून ठेवत होते, कोपरा दुमडला असेल तर बोटाने सपाट करत होते. सगळं वाचलं असणार. शेवटी म्हणाले, "गेलं. अक्षर किती सुरेख आहे हो तुमचं." अस्सा राग आला मला!

मग ते मत द्यायला निघाले आणि मला सोबत घेऊन गेले. त्या दिवशी हवा अचानक इतकी उबदार झाली होती, की बर्फाचे ढीग वितळून रस्त्याने ओहोळ वाहत होते आणि पोरं अर्ध्या बाह्यांचे सदरे घालून फिरत होती. मतदान एका शाळेत. दारातच दोन्हीकडचे लोक पाट्या हलवत उभे, आणि आत जाताच पहिलं टेबल कशाचं, तर केक-बिस्किटांचं. सहलीच्या खर्चासाठी शाळाच ते विकत होती. पोलीस म्हणावा तर एक, तोही ब्राउनी खात होता. बोटाला शाई नाही. यादीवर बसलेल्या आजीबाईंनी साडूंचं नाव मोठ्याने उच्चारलं, पत्ता मोठ्याने उच्चारला, आणि कागद हातात दिला. दे-व-स्थ-ळी, चारही अक्षरं नीट म्हटली बाईंनी, त्याची मला कमाल वाटली.

पण खरी गंमत पुढे. साडू कुठल्याच पक्षाचे नोंदलेले नव्हते. अशांना तिथे आयत्या वेळी हव्या त्या पक्षाचा कागद मागता येतो, आणि मत टाकून बाहेर पडताना एका टेबलावर सही केली की पुन्हा बिनपक्षाचे. पक्षप्रवेश, मतदान आणि पक्षत्याग, सगळं सात मिनिटांत! आमच्याकडे एवढ्यासाठी हॉटेल बुक करावं लागतं. मी मनापासून हसलो. त्या प्रवासातलं ते एकच हसू.

बघ्यांसाठी कठडा होता, मी तिथे उभा राहिलो. रांगेत डॉरथीबाई आल्या. शेजारी नवरा, कोटावर तरुणाचा बिल्ला. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं, नवऱ्याच्या पाठीआडून एक बोट ओठांवर ठेवलं आणि हसल्या. त्यांच्यामागे अशाच दोघी. त्यांच्यामागे आणखी. मी घड्याळात बघितलं. साडेनऊ. सांगलीत रात्रीचे आठ वाजले होते. पहिलं पान बाराला सुटतं. साडूंच्या खिशात फोन होता. "संपादकांना एक फोन लावून द्या," एवढंच म्हणायचं होतं. साडू सही करून आले, "झालं! पहिलं मत!" म्हणाले. मी म्हटलं, "अभिनंदन." आणि एक ब्राउनी विकत घेतली.

त्या संध्याकाळी काय झालं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. जेवणं झाल्यावर बऱ्याच वेळाने पडद्यावर बाईंचं नाव आलं. थोड्याच मतांनी, पण बाई. चॅनेलवाले एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. मी साडूंकडे बघितलं नाही. मी वाट बघत होतो, आता ते म्हणतील, "काल म्हटलं नव्हतं मी?" आपण कुणीही म्हणालो असतो. मी तर नक्कीच. ते उठले, टीव्हीचा आवाज बारीक केला आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले. खांदे हलत होते. नीता जवळ गेली. शैला माझ्याकडे बघत होती, आणि तिला सगळं कळलेलं होतं.

बुधवार

सकाळी संपादकांची ईमेल आली होती. साडूंनीच वाचून दाखवली. "सर, मनाला लावून घेऊ नका. अमेरिकेतल्या भल्याभल्यांचं चुकलं, तिथं तुम्ही-आम्ही कोण? उलट लोक म्हणतायत, सांगलीचा माणूस मोठमोठ्यांच्या पंक्तीत बसला! सदर सुरू करू. पुढच्या राज्याचं भाकीत पाठवा."

एकट्याने चुकलो तेव्हा सदर गेलं होतं. सगळ्यांबरोबर चुकलो तर परत मिळालं. साडूंनी मनापासून माझा हात दाबला. "अभिनंदन, मनोहरराव."

न्याहारीला त्यांनी काही खाल्लं नाही. म्हणाले, "पाट्या काढून आणतो. हरल्यावर लावून ठेवू नयेत." मीही त्यांचे मोठे बूट चढवले आणि निघालो. घरोघरच्या अंगणात, बर्फ वितळून झालेल्या चिखलात, पाट्या कलंडल्या होत्या. ते उपटत होते, मी काखेत घेत होतो. डॉरथीबाईंच्या दारची पाटी काढताना माझ्याच्याने राहवेना.

"अविनाशराव, माझ्या वहीत बाईच येत होत्या."

ते थांबले. "मग लिहिलं का नाहीत?"

"तुम्ही आधी बोललात म्हणून."

ते चिडतील असं वाटलं. चिडले असते तर बरं झालं असतं. "अहो, मी भाकीत थोडंच करत होतो?" ते म्हणाले. "जेवण जाईना मला. कुणाजवळ तरी बोलायचं होतं. आणि तो निवडून येणार असं तुम्ही म्हणालात, तर रात्री त्या आशेवर झोप लागली." आणि पुढच्या दाराकडे निघाले.

मी काखेत पाट्या धरून तिथेच उभा राहिलो. ज्या शर्यतीत मी या माणसाच्या पुढे जायला धडपडत होतो, त्या शर्यतीत तो कधी उतरलाच नव्हता. सदर मी नाकारलं. ही हकिगत छापा, मग पुढचं बघू, असं संपादकांना कळवलं. ते म्हणाले, कशाला सर, झाकली मूठ. म्हणून इथे लिहिली. पण लाज वाटते ती सदराची नव्हे. पंधरा वर्षं मी निवडणुका केल्या. कोण पडणार ते आधी ओळखलं, आणि पडल्यावर जेवून झोपलो. अमका हरला म्हणून माझा घास एकदाही अडला नाही. त्या सकाळी साडू पुढे चालले होते, उपाशी, हरलेले, डोळे सुजलेले, आणि मला त्यांच्या घराचा नाही, गाडीचा नाही, त्या हरण्याचा हेवा वाटत होता.